केळीच्या पट्ट्यात माकोंदो : आमच्या वाचनगटाच्या नोंदी

रावेर-सावदा पट्ट्यातला आमचा दहा-अकरा जणांचा वाचनगट. २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' वाचली, माकोंदो या काल्पनिक गावातल्या बुएंदिया घराण्याची गोष्ट. ही कादंबरी गटात घ्यायची असं बरेच जण ठरवतात आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत हॉलमध्ये दोघेच उरतात. आमचंही तसं व्हायची वेळ आली होती. काय फसलं, काय चाललं आणि पैसे कुठे गेले ते इथे तारखांनिशी लिहून ठेवतो. कादंबरीत काय घडतं हे आधी कळायला नको असेल, तर आधी पुस्तक वाचा, मग या.

१ जून २०२५, रविवार

पुस्तक सुचवलं बाईंनी. त्या हायस्कूलमधून निवृत्त झाल्यात. नाना मागे लागले होते, "एखादं केळीवरचं पुस्तक घ्या की, सगळी पुस्तकं ऊस नाहीतर कापसाची." नानांची वीस एकर केळी आहे. बाई म्हणाल्या, केळी आहे, पण अर्धं पुस्तक झाल्यावर येते. नाना म्हणाले, चालेल, आमच्याकडेही पीक हातात यायला वर्ष जातं.

मूळ स्पॅनिश पुस्तक १९६७ मध्ये ब्युनोस आयर्समधून निघालं. आमच्यापुढे पर्याय दोन होते : ग्रेगरी रबासा यांचा १९७० चा इंग्रजी अनुवाद, किंवा सोन्या सुरभि गुप्ता यांनी थेट स्पॅनिशमधून केलेला हिंदी अनुवाद, 'एकांत के सौ वर्ष'. ज्याला जी भाषा पेलते ती त्याने घ्यावी, असं ठरलं. पुढे याचा त्रास झाला, पण पुन्हा गट चालवायचा झाला तरी हेच करू. एकाच भाषेचा हट्ट धरला असता तर नाना आणि आशाताई पहिल्याच दिवशी गळाले असते.

खर्च : चांगली इंग्रजी प्रत पाचशेच्या आतबाहेर पडली, टपालखर्च वेगळा. दोघातिघांनी जळगावच्या फुटपाथवरून दोनशेच्या आतल्या पायरेटेड प्रती उचलल्या. त्या घेऊ नका. एकीत मधली बत्तीस पानं नव्हती. वाचणाऱ्याला ते लक्षातच आलं नाही. माणूस एकदम म्हातारा झाला, दुसरा मेलेला परत आला, त्यांना वाटलं हीच ती जादू. पुढच्या बैठकीत ते ठासून एक मुद्दा मांडत होते आणि बाकीच्यांना काही कळेना. पानं मोजल्यावर उलगडा झाला. ती पानं झेरॉक्स करून आतल्या शिलाईत चिकटवली.

१५ जून

पहिली बैठक. 'पान ऐंशीपर्यंत वाचून या' असा निरोप गेला होता. इंग्रजीचं ऐंशी आणि हिंदीचं ऐंशी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग 'चौथ्या प्रकरणापर्यंत' म्हणावं, तर या पुस्तकात प्रकरणांना नावं नाहीत, आकडेही नाहीत. कोऱ्या जागेनंतर नवं प्रकरण सुरू होतं, एवढंच. अर्धा तास यात गेला.

उपाय : सगळ्यांनी आपापल्या प्रतीत पेन्सिलीने प्रकरणांना एक ते वीस आकडे टाकले आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीतले दोन शब्द समासात लिहिले. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून करा. खाली मी जे आकडे देतोय ते हेच.

दुसरी गोष्ट फ्लेक्सची. इंग्रजी प्रतीत सुरुवातीला बुएंदिया घराण्याची वंशावळ छापलेली आहे. आमच्यातल्या एका उत्साही मेंबरने ती सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापून आणली आणि हॉलच्या भिंतीवर लावली. तीनशे रुपये. दिसायला झकास, वाढदिवसाच्या फ्लेक्सला लाजवेल अशी. पण झालं असं की लोक पुस्तक बाजूला ठेवून भिंतीकडे बघून बोलायला लागले. "म्हणजे हा हिच्याशी लग्न करणार तर!" कोणाला कोणापासून मूल होणार हे सगळं आधीच उघडं पडलं. आणि गोंधळ कमी झालाच नाही. वंशावळीत ढीगभर औरेलियानो आणि पाच आर्कादिओ एका नजरेत दिसतात आणि माणूस घाबरतो. पुस्तकात ते एकेक करून येतात, तेवढे घाबरवत नाहीत.

खरं तर नावांचा बाऊ आपल्याला व्हायलाच नको. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. आमच्या गटातल्या, रेल्वेत नोकरी काढलेल्या गार्डसाहेबांच्या भावकीत एकाच नावाचे तीन जण आहेत आणि पोस्टमन कधी चुकत नाही. आपण त्यांना नावाने ओळखत नसतो, खोडीने ओळखतो. बुएंदिया घराण्याची मूळ आई उर्सुलाही तेच म्हणते : औरेलियानो नावाचे सगळे घुमे आणि डोक्याने तल्लख, होसे आर्कादिओ नावाचे सगळे आडदांड आणि धडाडीचे. (ती हे म्हणते तेव्हा घरातल्या औरेलियानो सेगुंदो आणि होसे आर्कादिओ सेगुंदो या जुळ्यांची अदलाबदल झाली असावी अशी शंका तिला येऊन गेलेली असते. पण ते पुढे.)

फ्लेक्स उतरवला. सध्या तो नानांच्या मोटरपंपावर आहे.

२९ जून

प्रकरण तीन ते पाच. वंशावळीऐवजी नवी पद्धत लावली आणि तीच शेवटपर्यंत टिकली : प्रत्येकाने एक माणूस दत्तक घ्यायचा. बैठकीत आधी प्रत्येकाने आपल्या माणसाचं काय झालं ते चार वाक्यांत सांगायचं. मत नाही, अर्थ नाही, फक्त हकिकत. माणूस मेला तर पुढच्या पिढीतला घ्यायचा. पण मेलेला माणूस पुन्हा घरात दिसला, तर जुन्या पालकाने त्याची जबाबदारी परत घ्यायची. हा नियम गमतीत केला होता. मेल्कियादेस या मरून पुन्हा पुन्हा परतणाऱ्या जिप्सीच्या पालकाला तो फार महागात पडला.

उर्सुलासाठी भांडण झालं, चिठ्ठी टाकावी लागली. बाईंना मिळाली.

निद्रानाशाच्या साथीचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. झोप उडते, मग हळूहळू आठवण उडते, मग लोक वस्तूंवर नावं लिहून चिकटवतात, गाईच्या गळ्यात पाटी अडकवतात की ही गाय, हिचं रोज सकाळी दूध काढायचं असतं. आम्ही हौसेने वाचनालयाच्या हॉलमध्ये तसंच केलं. पंखा, कपाट, माठ, सगळ्यांवर काय, कशासाठी, कसं वापरायचं याच्या चिठ्ठ्या. चर्चेला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही आणि कपाटाच्या पॉलिशवर डिंकाचे डाग पडले म्हणून बोलणी खावी लागली ती वेगळीच. असल्या 'ॲक्टिव्हिटी' करू नका. मोठ्याने वाचणं यापेक्षा कितीतरी चांगलं.

मग बैठक तापली. आशाताईंनी धाकटी रेमेदियोस मोस्कोते घेतली होती. उर्सुलाचा मुलगा कर्नल औरेलियानो तिच्या प्रेमात पडतो तेव्हा ती नऊ वर्षांची असते. वयात आल्याबरोबर लग्न होतं आणि पोटात जुळी असताना ती मरते. आशाताई गावात आशा सेविका आहेत, बालविवाहाची खबर लागली की पहिली धावपळ त्यांची. त्या म्हणाल्या, "माझा माणूस मेला. चार वाक्यांत सांगायचं ना? पोरगी होती. बाहुल्या खेळत होती. लग्न लावलं. मेली." गटातले दोघे लगेच म्हणाले, अहो तो काळ तसा होता, ही जादूची गोष्ट आहे, असं बघायचं नसतं. त्यावर ताई वही मिटून बसल्या.

त्यांना गप्प करणं चुकीचं होतं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पुस्तक त्या मुलीवरून फार हळुवारपणे, जवळजवळ लाडाने पुढे जातं. तो लाड वाचकाला खटकायलाच हवा. बाईंनी मात्र एक जागा शोधून दाखवली : उर्सुला तिच्या फोटोपुढे दिवा लावून ठेवते आणि पुढच्या पिढ्यांतल्या पोरांना हे कोडं सुटत नाही की झालरीचा झगा आणि पांढरे बूट घातलेली ही मुलगी आपली पणजी कशी. ताई म्हणाल्या, एवढं एक खरं लिहिलंय.

१३ जुलै

मधल्या रविवारी आषाढी एकादशी होती, म्हणून बैठक पुढे ढकलली. प्रकरण सहा ते नऊ, म्हणजे सगळी युद्धं. इथे गट फुटतो, लिहून ठेवा. पाच जण आले.

कर्नल बत्तीस उठाव करतो आणि बत्तीसही हरतो. सतरा बायकांपासून सतरा मुलगे होतात. लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह, तह, पुन्हा लढाई. यामागे कोलंबियातलं १८९९ ते १९०२ चं 'हजार दिवसांचं युद्ध' आहे आणि मार्केझचे आजोबा त्यात लढले होते. नेर्लांदियाचा तह पुस्तकातही आहे, इतिहासातही. हे मी तयार करून नेलं होतं, नकाशासकट. दहा मिनिटांत सगळ्यांचे डोळे जड झाले.

मग बाईंनी सूत्रं हातात घेतली. म्हणाल्या, लढाया सोडा, पोरगा आईला भेटायला येतो तेवढीच पानं वाचू. ही युक्ती अचूक लागली. प्रत्येक भेटीत तो थोडा जास्त गारठलेला असतो. शेवटी त्याचे लोक तो उभा राहील तिथे त्याच्याभोवती खडूने तीन मीटरचं वर्तुळ आखतात. आत कोणी यायचं नाही, आईनेही नाही. नाना म्हणाले, "हे तर आपण बघतो. निवडून येण्याआधी ओसरीवर बसून भाकर खाणारा, नंतर त्याच्या गाडीपर्यंतही जाता येत नाही." आणि हीच आई, मुलाचं लष्करी कोर्ट त्याच्याच मित्राला गोळ्या घालायला निघतं, तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या आयांना घेऊन कोर्टात उभी राहते आणि सुनावते की तुम्ही कितीही क्रांतिकारक असा, चड्डी उतरवून फटके द्यायचा हक्क आमचाच. बाईंनी ते उभं राहून वाचलं.

युद्धाच्या भागासाठी दोन बैठका ठेवू नका. एक पुरे, आणि तीही आईच्या बाजूने.

२७ जुलै

प्रकरण दहा ते बारा. गट परत भरला, कारण सगळ्यांच्या कानावर गेलं होतं की या वेळी एक बाई आकाशात जाते.

सुंदर रेमेदियोस (ही पुढच्या पिढीतली दुसरी रेमेदियोस), दुपारचे चार, अंगणात घरची सून फेर्नांदा आपल्या उंची चादरींच्या घड्या घालतेय, इतर बायका टोकं धरून आहेत. वारा सुटतो, चादरी फुगतात आणि ही पोरगी हात हलवत वर जाते. उर्सुला जवळजवळ आंधळी, तरी तो वारा कसला हे तिलाच कळतं आणि ती चादर सोडून देते.

मला वाटलं होतं की यावर 'हे कसं शक्य आहे' असा वाद होईल. आमच्या भागात तो झालाच नाही. मुक्ताईनगर इथून हाकेच्या अंतरावर. तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताबाई गुप्त झाल्या, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, हे तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. गटातले दोघे पंधरा दिवसांपूर्वीच मुक्ताईच्या दर्शनाला जाऊन आले होते. त्यांचा सूर असा : गेली वर, बरं, मग यात एवढं नवल काय?

अडलं ते दुसरीकडेच. फेर्नांदा चमत्कार मान्य करते, पण पुढे किती तरी दिवस देवाची प्रार्थना करत राहते की माझ्या चादरी परत पाठव. यावर हॉल हसून कोसळला आणि मग एक चांगला प्रश्न निघाला. कॉलेजातली मुलगी म्हणाली, आपल्या कथांमध्ये चादरींचं कोणी का विचारत नाही? मुक्ताबाई गेल्या तेव्हा चुलीवर काय होतं? ज्यांनी हे प्रसंग गायले त्यांना त्याची गरजच नव्हती, ते भक्त होते. मार्केझ भक्त नाही. त्याला तुमचा विश्वास चादरीच्या टोकाला धरून मिळवायचा आहे. त्याने मुलाखतीत सांगितलंय की हा प्रसंग लिहिताना तो अडून बसला होता, पोरगी वर जाईचना. मग घरी कपडे धुवायला येणारी बाई वाऱ्यात चादरींशी झगडताना दिसली आणि गाडी सुटली.

त्याच मुलाखतीत दुसरी गोष्ट आहे : गावातल्या एका म्हातारीची नात पळून गेली होती आणि म्हातारी सांगत सुटली की ती स्वर्गात गेली. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आशाताईंनी पहिल्यांदा वही उघडली. म्हणाल्या, "आमच्याकडे 'मामाकडे शिकायला गेली' म्हणतात." पुस्तकातही बाहेरगावचे लोक हाच संशय घेतात, अब्रू झाकायला घरच्यांनी रचलेली गोष्ट. म्हणजे लेखकाने दोन्ही दारं उघडी ठेवलीत. त्यानंतर 'हे खरं की प्रतीक' हा प्रश्न आमच्या गटात कोणी विचारला नाही. विचारला तर चहाचे पैसे त्याने द्यायचे, असा ठरावच झाला.

१० ऑगस्ट

आदल्या दिवशी राखी. बायका माहेरी, बैठक तुटपुंजी. प्रकरण तेरा-चौदा. आंधळी उर्सुला वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागू देत नाही, घरातला प्रत्येक जण रोज त्याच वाटेने फिरतो आणि तेच बोलतो हे ओळखून वावरते, आणि फेर्नांदाची हरवलेली अंगठी डोळस माणसांच्या आधी शोधून काढते. एवढ्यावरच तासभर गेला. एका प्रियकराभोवती उडणारी पिवळी फुलपाखरं मात्र कोणालाच विशेष वाटली नाहीत. पुस्तकाच्या प्रत्येक मुखपृष्ठावर आणि पोस्टरवर ती बघून आधीच शिळी झाली होती.

२४ ऑगस्ट

पोळा नुकताच झालेला. फक्त प्रकरण पंधरा ठेवलं, आणि ते बरं झालं. नानांची केळी आली.

हकिकत अशी. गावात अमेरिकन केळी कंपनी येते, मजूर संपावर जातात. त्यांच्या तक्रारी वाचताना हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. पगार पैशांत नाही, चिठ्ठ्यांत, आणि त्या चिठ्ठीवर कंपनीच्या दुकानात फक्त डुकराचं मांस मिळतं. पन्नास जणांमागे एक फिरतं संडास, तेही नाताळपुरतं. दवाखान्यात मलेरिया असो की बद्धकोष्ठ, सगळ्यांना मोरचुदाच्या रंगाची एकच गोळी. आणि वर कोर्टाचा निकाल : कंपनीचे मजूर अस्तित्वातच नाहीत, कारण सगळे तात्पुरते.

सगळ्यांना हा निकाल कादंबरीतली थट्टा वाटला. तो तसा नाही. कोलंबियातल्या खऱ्या केळी कंपनीचं, युनायटेड फ्रूटचं, म्हणणं खरोखर असंच होतं की ही माणसं आमची नाहीत, कंत्राटदारांची आहेत. नोव्हेंबर १९२८ मधल्या संपात नऊ मागण्या होत्या, त्यांत दर आठवड्याला पगार आणि चिठ्ठ्या बंद करणं या होत्या. ५-६ डिसेंबरच्या रात्री सिएनागा स्टेशनजवळच्या चौकात लष्कराने जमावावर गोळीबार केला. हुकूम देणारा जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास हा पुस्तकात स्वतःच्याच नावाने येतो. एवढ्या काल्पनिक पुस्तकातही हे नाव बदललेलं नाही.

नाना म्हणाले, "खरं सांगू का, कागदावर माझ्याकडे पण एक मजूर नाही. मी मुकादमाला पैसे देतो, टोळी त्याची." हे ते सहज बोलून गेले. आशाताईंची आई उभी हयात केळी कापणीच्या टोळीत होती. पुढची पाऊण तास चर्चा पुस्तकावर नव्हती : डोक्यावरून घड वाहताना खांद्याला काय होतं, चिकाचे डाग लुगड्यावरून जात नाहीत, विमा कोणाचा, बोर्डाचा, म्हणजे केळीचा जाहीर होणारा, भाव पडला की मजुरी कोण कापतं. नाना चिडले, म्हणाले, "व्यापारी बोर्डापेक्षा कमी भाव देतो तेव्हा मला कोण विचारतं?" दोघांचंही म्हणणं खरं होतं. कोणीतरी 'पुस्तकाकडे वळू' म्हणालं, मी वळू दिलं नाही. गट चालवणाऱ्याला माझं सांगणं आहे की असं काही निघालं तर घड्याळ बघू नका.

मग आगगाडी. गोळीबारानंतर होसे आर्कादिओ सेगुंदो, जुळ्यांपैकी एक आणि संपातला पुढारी, शुद्धीवर येतो तो मालगाडीत, प्रेतांच्या राशीवर. केळीचे घड रचावे तशी प्रेतं रचलेली आहेत, नाकारलेल्या मालासारखी समुद्रात फेकायला नेली जाताहेत. गाडी जवळजवळ दोनशे डब्यांची, पुढे एक, मागे एक आणि मध्ये एक इंजिन.

गार्डसाहेबांनी भुसावळ विभागात मालगाड्यांवर नोकरी काढली. (हल्ली गार्ड नाही, 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं असतं, ते स्वतः म्हणत नाहीत.) आमच्याकडून केळीचे रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, दिल्लीकडे जायचे, तेव्हाचं सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांनी कागद घेतला. हल्लीचा धान्याचा रेक बेचाळीस ते अठ्ठावन्न डब्यांचा असतो. दोनशे डबे म्हणजे चारपाच रेक जोडले. लूप लाइनमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, मावायचेच नाहीत, मधलं इंजिन लावलं तरी कपलिंगवर ताण येणार. आम्हाला वाटलं, आता हे प्रकरण खोटं ठरवणार. ते म्हणाले, "लांबीचं मला काही वाटत नाही. तो लिहितो गाडीला एकही दिवा नव्हता. मागचा लाल दिवा नसलेली गाडी स्टेशनातून गेली तर स्टेशन मास्तर ती गाडी पूर्ण आली असं धरतच नाही. डबे मागे सुटलेत की काय, म्हणून पुढची लाइन अडवून ठेवतात. म्हणजे या गाडीची कुठेच नोंद होणार नाही. ज्याला ही गाडी लपवायची होती त्याला रेल्वे कळत होती."

या पुस्तकावर एवढी परीक्षणं वाचली, दिव्याबद्दल असं कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आकड्यावरून वाद झाला. पुस्तकात तीन हजारांहून जास्त मेले असं तो एकटा साक्षीदार सांगत राहतो. त्या जनरलने स्वतःच्या लिखाणात सत्तेचाळीस मान्य केले. बोगोतामधल्या अमेरिकी वकिलातीच्या तारेत, कंपनीच्या माणसाच्या हवाल्याने, हजाराहून जास्त म्हटलंय. मार्केझने नंतर सांगितलं की मला अख्खी गाडी भरायची होती, म्हणून तीन हजार. आणि आता गंमत अशी की कोलंबियात लोक तीन हजार हाच आकडा इतिहास म्हणून सांगतात. नानांना हे पटलं नाही. "शेतकरी नुकसानीचा आकडा फुगवतो तेव्हा पंचनामा करतात, लेखकाला सूट?" बाई म्हणाल्या, सरकारने शून्य सांगितलं तर उत्तर तीन हजारानेच द्यावं लागतं. यावर अजून एकमत नाही.

७ सप्टेंबर

खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध, म्हणून चहाही नको आणि बैठकही नको असं बहुमत. गेला रविवार.

१४ सप्टेंबर

प्रकरण सोळा ते अठरा. कादंबरीत चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस पडतो. आमच्याकडेही बाहेर लागलेलाच होता, वीज दोनदा गेली.

सोळाव्यात फेर्नांदाचं एक वाक्य आहे, पानामागून पान चालणारं, मध्ये पूर्णविराम नाही. पावसात घरात अडकलेल्या नवऱ्यावर ती सकाळपासून धार धरते. हे मुकाट वाचू नका. बाईंनी ते तोंडी मराठी करत एका दमात म्हटलं : आणि मला राणीसारखं वाढवलं आणि या मसणवट्यात आणून टाकलं आणि पाट मांडून बसायचं माहीत आणि कणगीत दाणा नाही हे दिसत नाही. हिंदीवाले, इंग्रजीवाले सगळे पुस्तकं ठेवून ऐकत होते. शेवटी नवरा उठतो आणि घरातली काचेची एकेक वस्तू शांतपणे फोडतो, तेव्हा टाळ्या पडल्या. कोणाच्या बाजूने, ते विचारू नका.

अठराव्यात कळतं की मेल्कियादेसची हस्तलिखितं संस्कृतमध्ये आहेत, त्याची मातृभाषाच ती. शेवटच्या पिढ्यांतला औरेलियानो कातालान म्हाताऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानातून संस्कृतचं पुस्तक आणवून शिकतो. आपल्याकडच्या वाचकाला गुदगुल्या होणारच. कॉलेजातल्या मुलीने त्याहून पुढचं काढलं. ती मागे दहाव्या प्रकरणात गेली. तिथे औरेलियानो सेगुंदो ती पानं पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला अक्षरं तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. तिने फळ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली एकेक अक्षर लटकवलं : क, म, ल, त. लिपीचं नाव पुस्तकात कुठेही नाही, पण दिसतं हेच. आपण सगळे जुलैमध्ये त्या वाक्यावरून सरळ पुढे गेलो होतो, आणि रोज याच तारेवर लिहितो.

मेल्कियादेसचा पालक त्या दिवशी रजेवर होता, त्याचा माणूस पुन्हा भूत म्हणून आलेला असताना. दंड : पुढचा चहा.

२८ सप्टेंबर

नवरात्र, त्यामुळे बैठक दुपारी उरकली. शेवटची दोन प्रकरणं. शेवट सगळ्यांनी आधीच वाचून संपवला होता, काहींनी दोनदा. डुकराच्या शेपटीचं मूल, ज्याची भीती उर्सुलाला पहिल्या पानांपासून होती, ते जन्मतं आणि मुंग्या ते ओढून नेतात. आशाताई म्हणाल्या, एवढ्या मोठ्या घरात शेवटी बाळंतपणाला एक धड बाई नव्हती, बाळंतीण रक्त जाऊन मेली, हे मुंग्यांच्या आधी वाचा. त्यांनी पानावर खूण केली होती.

जुळ्यांची गोष्ट इथे मिटवायची ठरली होती. ते एकाच क्षणी मरतात आणि दारूडे मित्र शवपेट्या चुकीच्या खड्ड्यांत उतरवतात. गार्डसाहेबांचं म्हणणं : लहानपणी अदलाबदल झाली होती, म्हणजे पुरताना बरोबर झालं. बाकीचे म्हणतात, मोजदाद कुठून सुरू करायची हेच कोणाला माहीत नाही. कागदावर रेघा मारून झाल्या. सुटलं नाही.

५ ऑक्टोबर

हिशोब. प्रती ज्याच्या त्याच्या. सामाईक खर्च : फ्लेक्स तीनशे, झेरॉक्स शंभरच्या आत, कपाटाचं पॉलिश अडीचशे, चहा वर्गणीतून आणि दंडातून. दंडाची रक्कम वर्गणीपेक्षा जास्त जमली.

वेळ : बैठका पंधरवड्याने ठेवल्या तर चार महिने धरा आणि सणांसाठी दोन रविवार मोकळे सोडा. पंधरावं प्रकरण एकटं ठेवा. युद्धं एका बैठकीत आटोपा. वंशावळीचं पान पहिल्या दिवशी क्लिपने बंद करा.

तीन जणांनी मधेच सोडलं, त्यातल्या एकाने परत सुरू केलंय. आशाताईंना पुस्तक आवडलं की नाही, त्या सांगत नाहीत, पण पुढचं पुस्तक त्या निवडणार आहेत.

दुसऱ्या कोणत्या गटाला आमच्या प्रती हव्या असतील तर तीन इंग्रजी आणि एक हिंदी देता येतील, पेन्सिलीच्या आकड्यांसकट. नानांची हिंदी प्रत यात धरू नका. ती त्यांच्या मुकादमाच्या मुलाने नेलीय आणि तो अजून सहाव्या प्रकरणावर आहे.